खाजगी अवकाशप्रवास ते मनगटावरील उपकरणे : तंत्रज्ञानाचे हस्तांतरण आणि संमतीचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
खाजगी अवकाशप्रवास आणि अंगावर वागविण्याची मापन-उपकरणे ही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकातील दोन ठळक तांत्रिक घडामोडींची उदाहरणे होत. पहिली मोजक्या धनिकांपुरती मर्यादित राहिली, तर दुसरी सामान्य माणसाच्या मनगटापर्यंत पोहोचली. वरकरणी परस्परांशी संबंध नसलेल्या या दोन प्रवाहांचा बराचसा पाया शासकीय व लष्करी संशोधनात घातला गेला आहे. खाजगी क्षेत्राकडे येताना या तंत्रज्ञानाची मालकी बदलली. त्याबरोबर जबाबदारीचे स्वरूपही बदलले. शासनाने सुरक्षिततेची हमी देण्याऐवजी वापरकर्त्याने धोका समजून घेऊन संमती द्यावी, ही कल्पना दोन्ही क्षेत्रांत रुजली. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून विमानवाहतुकीच्या पूर्वेतिहासाशी त्याची तुलना केली आहे.

महत्त्वाचे शब्द : खाजगी अवकाशप्रवास, वेअरेबल उपकरणे, दूरमापन, माहितीपूर्ण संमती, प्रमाणीकरण, व्यक्तिगत विदा.

१. प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा व संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र निघाले, अमुक वर्षी त्यात सुधारणा झाली, अशा नोंदींतून प्रगतीचे एक सरळ चित्र उभे राहते. परंतु यंत्र वापरात येते तेव्हा त्याच्याबरोबर एक सामाजिक करारही वापरात येतो. यंत्र बिघडल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, यंत्राने गोळा केलेली माहिती कोणाची, आणि वापरणाऱ्याला काय सांगणे बंधनकारक आहे, हे प्रश्न त्या कराराचा भाग असतात. हा करार पुष्कळदा कायद्याच्या एखाद्या कलमात किंवा एखाद्या शब्दाच्या निवडीत दडलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो शोधून काढणे आवश्यक आहे.

अवकाशयान आणि मनगटी उपकरण यांना एका लेखात आणण्याचे कारण हेच आहे. दोन्ही ठिकाणी मानवी शरीर यंत्राच्या स्वाधीन होते. अवकाशयानात ते संपूर्णपणे स्वाधीन होते. मनगटी उपकरणात केवळ नाडी, पावले आणि झोप यांच्या नोंदींपुरते. मात्र दोन्ही ठिकाणी वापर सुरू करण्यापूर्वी व्यक्तीकडून संमती घेतली जाते. त्या संमतीचा इतिहास हा या लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) अवकाशप्रवास व परिधानयोग्य उपकरणे यांच्या शासकीय पार्श्वभूमीचा आढावा घेणे.
(ब) खाजगी क्षेत्राकडे होणाऱ्या हस्तांतरणात शासनाची भूमिका कशी बदलली हे पाहणे.
(क) प्रमाणीकरण व संमती या दोन तत्त्वांची ऐतिहासिक तुलना करणे.
(ड) या प्रश्नाचा भारतीय संदर्भ स्पष्ट करणे.

खाजगीकरणामुळे शासन या क्षेत्रांतून बाहेर पडलेले नाही. ते ग्राहक, आश्रयदाता व नियामक या भूमिकांत कायम असून व्यक्तीच्या संरक्षणाची भूमिका मात्र त्याने सैल केली आहे, हे या अभ्यासाचे गृहीतक होय. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. शासकीय अवकाशयुगातील शरीर :
पृथ्वीच्या कक्षेत गेलेला पहिला सजीव म्हणजे लायका ही कुत्री. दिनांक ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-२ मधून तिला पाठविले, तेव्हा तिची नाडी व श्वसन यांची नोंद घेणारे संवेदक तिच्या शरीरावर बसविलेले होते आणि ती नोंद रेडिओद्वारे पृथ्वीवर येत होती. दूरवरच्या शरीराचे सतत मापन करण्याची ही पद्धत मानवी उड्डाणांतही चालू राहिली. दिनांक १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन आणि दिनांक ५ मे १९६१ रोजी अॅलन शेपर्ड यांनी उड्डाण केले, तेव्हा त्यांचीही नाडी व श्वसन जमिनीवरील वैद्यांना कळत होते. शरीरावर संवेदक लावून त्याचे आकडे दूरच्या केंद्राकडे पाठविण्याची जी सोय आज बाजारात मिळते, तिची ही एक पूर्वपीठिका म्हणता येईल.

या व्यवस्थेतील माहितीचा प्रवाह एका दिशेने होता. तो शरीराकडून केंद्राकडे जात असे. केंद्राकडून शरीराच्या मालकाकडे तो येईलच असे नव्हते. सन १९७१ च्या अपोलो-१५ मोहिमेत याचा ठळक प्रत्यय आला. चंद्रावर मोठ्या शारीरिक श्रमाची कामे आटोपून डेव्हिड स्कॉट व जेम्स अर्विन हे परतीच्या मार्गाला लागले, तेव्हा ह्यूस्टन येथील वैद्यांना अर्विन यांच्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली. स्कॉट यांच्या नोंदींतही काही अनियमितता होती. मात्र अंतराळवीरांना हे त्या वेळी सांगण्यात आले नाही. मोहीम संपल्यानंतरच त्यांना ते कळले. मोहिमेचे प्रमुख असलेल्या स्कॉट यांनी पुढे याविषयी नाराजी व्यक्त केली. सन १९७३ मध्ये अर्विन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि सन १९९१ मध्ये हृदयविकारानेच त्यांचा मृत्यू झाला. चंद्रमोहीम आणि हा आजार यांत कार्यकारणसंबंध जोडणे येथे अभिप्रेत नाही. ज्याचे हृदय, त्यालाच त्याच्या ठोक्यांची बातमी नव्हती, एवढीच गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तरीही त्या व्यवस्थेची एक जमेची बाजू होती. शासनाने अंतराळवीरांचे शरीर मोजले. पण यानाच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्वही शासनाकडेच होते. दिनांक २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने चौकशी केली आणि यानाच्या रचनेत मोठे बदल झाले. दोषाचे माप एका सार्वजनिक संस्थेच्या पदरात पडले व तिला सार्वजनिक उत्तर द्यावे लागले.

४. विमानटपालाचा पूर्वेतिहास :
शासकीय आधारावर उभे राहिलेले वाहतूक-तंत्रज्ञान खाजगी उद्योगाकडे जाण्याचा प्रसंग इतिहासात यापूर्वीही आला होता. विमानवाहतुकीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

सन १९१९ मध्ये हॉटेल व्यावसायिक रेमंड ऑर्टेग यांनी न्यूयॉर्क व पॅरिस यांदरम्यान विनाथांबा उड्डाण करणाऱ्यास २५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. दिनांक २०–२१ मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग यांनी ते जिंकले. या साहसाची कीर्ती जगभर झाली. पण त्यामागील दोन शासकीय निर्णय सहसा आठवले जात नाहीत. सन १९२५ च्या केली कायद्याने अमेरिकन टपालखात्याने हवाई टपालाची कंत्राटे खाजगी कंपन्यांना देण्यास प्रारंभ केला. लिंडबर्ग हे स्वतः अशाच एका कंपनीचे टपाल-वैमानिक होते. दुसरा निर्णय म्हणजे दिनांक २० मे १९२६ चा हवाई वाणिज्य कायदा. या कायद्याने वैमानिकांना परवाना व विमानांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. योगायोग असा की या कायद्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी लिंडबर्ग यांनी उड्डाण केले. सामान्य प्रवासी मोठ्या संख्येने विमानात बसू लागण्यापूर्वीच त्याच्या सुरक्षिततेची किमान चौकट अस्तित्वात आली होती. सन १९२९ च्या वॉर्सा कराराने तर आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवाशाला इजा झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी गृहीत धरली.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे पस मॉथ जातीच्या लहान विमानातून टपाल आणले आणि भारतीय हवाई सेवेचा पाया घातला गेला. येथेही खाजगी उद्योगाचा पहिला आधार शासकीय टपाल हाच होता. सन १९३४ मध्ये भारतात विमान कायदा आणि वॉर्सा करार लागू करणारा हवाई वाहतूक कायदा असे दोन कायदे झाले. सन १९५३ मध्ये ही सेवा राष्ट्रीयीकृत झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे गेली. मालकी खाजगीकडून शासनाकडे आणि शासनाकडून पुन्हा खाजगीकडे अशी दोनदा बदलली. परंतु विमान उडण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र घेण्याचे बंधन दोन्ही वेळा कायम राहिले. मालकी व उत्तरदायित्व या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. खाजगी अवकाशप्रवासाची जडणघडण :
सन १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या अनुच्छेदानुसार बिगरशासकीय संस्थांच्या अवकाशातील कृतींची आंतरराष्ट्रीय जबाबदारी संबंधित राष्ट्रावर असते आणि त्यांना राष्ट्राची अनुमती व सततची देखरेख आवश्यक असते. म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः खाजगी असे अवकाश-उड्डाण संभवतच नाही.

अमेरिकेने सन १९८४ मध्ये व्यापारी प्रक्षेपण कायदा केला. सन १९८८ च्या दुरुस्तीने प्रक्षेपणामुळे तिसऱ्या पक्षाचे नुकसान झाल्यास कंपनीच्या विम्यापलीकडील भार, काही मर्यादेपर्यंत व काँग्रेसच्या मंजुरीस अधीन राहून, शासनाने उचलण्याची तरतूद केली. उद्योगाची मोठी जोखीम अशा रीतीने सार्वजनिक झाली.

स्वतःच्या खर्चाने अवकाशात जाणारे पहिले पर्यटक डेनिस टिटो यांनी दिनांक २८ एप्रिल २००१ रोजी सोयुझ यानातून उड्डाण केले. त्यासाठी त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. त्यांचे यान, प्रक्षेपणतळ व मुक्कामाचे अवकाशस्थानक हे सर्व शासकीय होते. खाजगी होते ते केवळ तिकीट. नासाने त्यांच्या प्रवासाला प्रारंभी विरोध केला होता.

खाजगी पैशाने बांधलेल्या यानातून मानव अवकाशात जाण्याचा मान सन २००४ मध्ये स्पेसशिपवन या यानाला मिळाला. बर्ट रुटान यांनी त्याची रचना केली आणि पॉल अॅलन यांनी भांडवल पुरविले. एक्स प्राइज हे एक कोटी डॉलरचे बक्षीस सन १९९६ मध्ये जाहीर झाले होते. पीटर डायमँडिस यांना ती कल्पना ऑर्टेग बक्षिसाच्या इतिहासावरून सुचली. दिनांक ४ ऑक्टोबर २००४ रोजी, म्हणजे स्पुटनिकच्या प्रक्षेपणाला ४७ वर्षे पूर्ण होत असतानाच, स्पेसशिपवनने ते जिंकले.

बक्षिसाने लक्ष वेधले. उद्योग उभा केला तो कंत्राटाने. सन २००२ मध्ये स्थापन झालेल्या स्पेसएक्स कंपनीचे फाल्कन-१ हे रॉकेट पहिल्या तीन प्रयत्नांत अपयशी ठरून दिनांक २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथ्या प्रयत्नात कक्षेत पोहोचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नासाने तिला अवकाशस्थानकावर माल पोहोचविण्याच्या १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर सुखरूप उतरविणे, मे २०२० मध्ये नासाच्या अंतराळवीरांना स्थानकाकडे नेणे, सप्टेंबर २०२१ मध्ये व्यावसायिक अंतराळवीरांविना चार नागरिकांची कक्षेतील सफर आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला खाजगी अवकाश-पदसंचार, असे टप्पे या कंपनीने गाठले. कंपनीचे अभियांत्रिकी कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु हवाई टपालाप्रमाणेच येथेही उद्योगाच्या उभारणीतील मोठा व भरवशाचा ग्राहक शासन हाच होता.

६. ‘सहभागी’ या शब्दाचा इतिहास :
स्पेसशिपवनच्या यशानंतर तीन महिन्यांच्या आत, दिनांक २३ डिसेंबर २००४ रोजी, अमेरिकेत व्यापारी प्रक्षेपण कायद्यातील दुरुस्तीवर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. या कायद्यात पैसे देऊन अवकाशात जाणाऱ्या व्यक्तीसाठी ‘प्रवासी’ हा शब्द नाही. तेथे ‘अवकाश-उड्डाण सहभागी’ अशी संज्ञा योजली आहे. हा फरक केवळ शाब्दिक नाही. प्रवासी म्हटले की वाहतूकदार आला, आणि वाहतूकदार आला की गेल्या शतकभरात रुजलेली त्याची जबाबदारी आली. सहभागी मात्र साहसात स्वखुशीने सामील झालेला असतो.

या कायद्यानुसार कंपनीने सहभागी व्यक्तीला उड्डाणातील धोके लेखी कळवावयाचे असतात. शासनाने हे यान मानवी प्रवासासाठी सुरक्षित असल्याचे प्रमाणित केलेले नाही, हेही सांगावयाचे असते. त्यानंतर ती व्यक्ती लेखी संमती देते. जमिनीवरील लोकांच्या सुरक्षिततेचे नियम शासन करते. यानात बसलेल्यांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण नियम करण्यास मात्र, गंभीर अपघातासारखे अपवाद वगळता, शासकीय यंत्रणेला आठ वर्षे मनाई करण्यात आली. उद्योग बाल्यावस्थेत आहे, त्याला शिकण्यास अवधी मिळावा, हा यामागील युक्तिवाद होता. हा ‘शिकण्याचा काळ’ सन २०१२ मध्ये संपावयाचा होता. तो वेळोवेळी वाढविला गेला आणि सन २०२४ च्या कायद्याने १ जानेवारी २०२८ पर्यंत नेला.

या काळात अपघात झाले नाहीत असे नाही. दिनांक २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे रॉकेट-इंजिनाशी संबंधित चाचणीत स्फोट होऊन तीन कर्मचारी ठार झाले. दिनांक ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी स्पेसशिपटू हे यान चाचणी-उड्डाणात हवेतच मोडून पडले व सहवैमानिकाचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने एक खटका वेळेपूर्वी उघडला होता. शासकीय चौकशीत मात्र असा निष्कर्ष निघाला की एका माणसाच्या एका चुकीने यान नष्ट होऊ शकते, ही शक्यता रचनाकारांनी विचारात घेऊन तिच्यापासून संरक्षण करावयास हवे होते. हा निष्कर्ष आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. संमती देणाऱ्या व्यक्तीला धोका आहे एवढे सांगता येते. पण रचनेतील असा दोष तिला दिसणे शक्य नसते. तो पाहण्यासाठी तज्ज्ञ व निःपक्षपाती तिसरा डोळा लागतो. प्रमाणीकरणाची व्यवस्था हा तो डोळा होय.

७. मनगटाचा इतिहास :
आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. मनगटी घड्याळ हे एकोणिसाव्या शतकात मुख्यतः स्त्रियांचे आभूषण समजले जाई. पुरुष खिशातले घड्याळ वापरीत. पहिल्या महायुद्धात खंदकातील सैनिकांना हात मोकळे ठेवून वेळ पाहण्याची गरज भासली आणि पुरुषांच्या मनगटावर घड्याळ स्थिरावले.

शरीराचे मापन करणाऱ्या उपकरणांची वाट निराळी होती. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी एकोणीसशे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाचा हृदयालेख रेडिओद्वारे घेण्याची जी यंत्रणा तयार केली, तिचे पाठीवरील ओझे सुमारे ३८ किलो होते. जपानमध्ये टोकियो ऑलिंपिकनंतर सन १९६५ मध्ये ‘मानपो-केई’, अर्थात ‘दहा हजार पावलांचे मापक’, बाजारात आले. आज आरोग्याचा जणू नियम मानला जाणारा दहा हजारांचा आकडा अशा रीतीने एका विक्रीच्या वस्तूच्या नावातून लोकप्रिय झाला. फिनलंडमध्ये औलू विद्यापीठाच्या परिसरातून उभ्या राहिलेल्या पोलर कंपनीने सन १९८२ मध्ये खेळाडूंसाठी बिनतारी हृदयगतिमापक आणला. सन २००९ मध्ये फिटबिटचे पहिले उपकरण आणि सन २०१५ मध्ये अॅपल वॉच बाजारात आले.

येथे एक दक्षता घेणे आवश्यक आहे. प्रत्येक आधुनिक वस्तूचे श्रेय नासाला देण्याची लोकप्रिय प्रवृत्ती ऐतिहासिक कसोटीस उतरत नाही. सन १९६५ मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी निवडलेले ओमेगा घड्याळ हे आधीपासून बाजारात विकले जाणारे घड्याळ होते. मनगटी उपकरणातील हालचाल ओळखणारा सूक्ष्म संवेदक स्वस्त झाला तो प्रामुख्याने मोटारींच्या एअरबॅगसाठी झालेल्या उत्पादनामुळे. त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजण्याचे तत्त्व वैद्यकीय संशोधनातून आले. शासकीय वारसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो जीपीएसमध्ये. अमेरिकन लष्कराची ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली ठेवण्याचे सन १९८३ मध्ये जाहीर झाले आणि नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतरच धावपटूच्या मनगटावर त्याचा मार्ग अचूक उमटू लागला.

या वारशाचे एक विलक्षण आवर्तन लवकरच घडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम-नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये असे लक्षात आले की अफगाणिस्तान, सीरिया अशा प्रदेशांतील लष्करी तळ त्या नकाशावर उजळून दिसत आहेत, कारण तेथील सैनिक मनगटी उपकरणे बांधून तळाभोवती धावत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने मोहिमांच्या क्षेत्रांत स्थान दर्शविणाऱ्या उपकरणांच्या वापरावर बंदी घातली. या सैनिकांनीही वापराच्या अटींना संमती दिलेलीच होती. एकेकाची संमती एकत्र आली की त्यातून काय उघड होईल, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाही दिसले नव्हते.

८. ‘वेलनेस’ या शब्दाचा आश्रय :
अवकाशक्षेत्रात ‘सहभागी’ या शब्दाने जे कार्य केले, तेच मनगटी उपकरणांच्या क्षेत्रात ‘वेलनेस’ या शब्दाने केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सन २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट केले की सर्वसाधारण स्वास्थ्यासाठी असलेल्या व कमी धोक्याच्या उपकरणांना वैद्यकीय उपकरणांचे नियम लावण्याचा आपला मानस नाही. यामुळे एकाच पट्ट्यावर दोन प्रकारची मापने नांदू लागली. अॅपल वॉचमधील हृदयालेखाच्या सुविधेला सन २०१८ मध्ये या प्रशासनाची मान्यता घेण्यात आली. पण रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारी सुविधा सन २०२० मध्ये आली, ती वैद्यकीय उपयोगासाठी नसल्याच्या सूचनेसह. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत दिसतात.

माहितीच्या मालकीचा प्रश्नही येथेच उद्भवतो. गूगलने फिटबिट कंपनी घेण्याचा निर्णय सन २०१९ मध्ये जाहीर केला. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये त्यास मान्यता देताना तेथील वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी न वापरण्याची अट घातली. ज्यांनी फिटबिटला संमती दिली होती, त्यांची माहिती नव्या मालकाकडे गेली. तिला काही काळाचे संरक्षण मिळाले ते नियामकाच्या अटीमुळे. त्यांच्या मूळ संमतीत तशी कोणतीही तजवीज नव्हती.

९. भारतीय संदर्भ :
भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. सन १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून अवकाशात गेले, तेव्हा ते दोन राष्ट्रांमधील करारान्वये गेले. त्यानंतर ४१ वर्षांनी, दिनांक २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ला अॅक्सिऑम-४ या खाजगी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे गेले व १५ जुलै रोजी परतले. त्यांची जागा भारताने सार्वजनिक निधीतून घेतली होती. पोलंड व हंगेरी यांनीही आपापल्या अंतराळवीरांसाठी तेच केले. मोहीम खाजगी आणि प्रवासाचा खर्च राष्ट्रांचा, हे आजच्या ‘खाजगी’ अवकाशप्रवासाचे प्रातिनिधिक चित्र होय.

भारतातही सन २०२० पासून अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांना खुले करण्यात आले व त्यासाठी इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली. दिनांक १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे रॉकेट श्रीहरिकोट्याहून झेपावले. सन २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण जाहीर झाले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. भारतीय भूमीवरून तिकीट काढून अवकाशात जाणारा माणूस उद्या ‘प्रवासी’ ठरेल की ‘सहभागी’, याचा निर्णय ज्या कायद्यात होईल त्याच्या शब्दयोजनेकडे आजच लक्ष देणे योग्य ठरेल.

मनगटी उपकरणांचा प्रश्न तर आपल्या घरात येऊन पोहोचला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायू मोजत होते. ‘ऑक्सिमीटर’ हा शब्द त्या काळात खेड्यापाड्यांत रूढ झाला. बोटाला लावण्याच्या त्या चिमट्यातील प्रकाशाचे तत्त्व आज घड्याळाच्या पाठीवर आहे. परंतु त्या मोहिमेत आकडा पाहणारी व्यक्ती समोर उभी होती आणि रुग्णाला कोठे पाठवावयाचे हे तिला ठाऊक होते. घड्याळाचा आकडा कोण पाहतो, हे घड्याळ बांधणाऱ्याला सहसा माहीत नसते.

सर्वोच्च न्यायालयाने दिनांक २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सन २०१९ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण विधेयकात आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा प्रस्तावित होता. सन २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात हा वेगळा दर्जा नाही. हृदयाचे ठोके आणि खरेदीची यादी यांना कायदा एकाच मापाने मोजतो. या कायद्याचा मुख्य आधार संमती हाच आहे. ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी असे त्यात म्हटले आहे. त्यातील एक तरतूद मराठी भाषकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय वापरकर्त्याला द्यावयाचा आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. या कायद्याचे नियम सन २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. ही तरतूद कागदावर राहते की पडद्यावर दिसते, यावर ‘माहितीपूर्ण’ या शब्दाचा अर्थ अवलंबून राहील.

१०. निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) खाजगी अवकाशप्रवास व परिधानयोग्य उपकरणे यांच्या घडणीत शासकीय खर्चाचा मोठा वाटा आहे. मात्र मनगटी उपकरणांच्या बाबतीत औद्योगिक व वैद्यकीय संशोधनाचा वाटाही तितकाच महत्त्वाचा असल्याने सर्व श्रेय अवकाशसंशोधनाला देता येत नाही.

(२) खाजगीकरणानंतरही शासन ग्राहक व जोखमीचा वाटेकरी राहिले. उद्योगाची जोखीम सार्वजनिक झाली आणि व्यक्तीची जोखीम मात्र तिच्या स्वाक्षरीवर सोपविली गेली. प्रस्तुत अभ्यासाच्या गृहीतकाला यातून पुष्टी मिळते.

(३) विमानवाहतुकीत प्रमाणीकरण व वाहतूकदाराची जबाबदारी ही दोन्ही तत्त्वे सामान्य प्रवाशांच्या गर्दीपूर्वी प्रस्थापित झाली. त्यामुळे उद्योग खुंटला नाही. किंबहुना सामान्य माणसाचा विश्वास मिळाल्यामुळेच तो वाढला. बाल्यावस्थेच्या नावाखाली संरक्षण पुढे ढकलण्याचा युक्तिवाद या इतिहासाशी विसंगत आहे.

(४) ‘सहभागी’ व ‘वेलनेस’ या शब्दांनी उत्तरदायित्वाची सीमा आखली. तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने यंत्राच्या आराखड्याइतकेच कायद्यातील संज्ञांकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

(५) संमती आवश्यक आहे; परंतु ती पुरेशी नाही. यानाच्या रचनेतील दोष किंवा असंख्य नोंदींच्या एकत्रीकरणाचा परिणाम एकट्या व्यक्तीला दिसू शकत नाही. म्हणून संमतीला प्रमाणीकरणाची आणि स्वतंत्र चौकशीची जोड असावयास हवी.

सन १९७१ मध्ये जेम्स अर्विन यांना स्वतःच्या हृदयाची बातमी मोहीम संपल्यावर कळली. आज आपल्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला ती मनगटाकडे पाहताच कळते, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. मात्र तीच बातमी त्याच वेळी आणखी कोणाला कळते, हे विचारण्याचा त्याचा हक्क अजून तितकासा स्पष्ट झालेला नाही. तो स्पष्ट करणे हे तंत्रज्ञांइतकेच कायद्याच्या, समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचेही काम आहे.